संघाच्या दारात एतेल्का

आमच्या झाहोन्यच्या मालधक्क्यावर दोन्ही मनगटांवर घड्याळ बांधणारी एकच बाई होती, एतेल्का बोद्नार. डाव्या हातावर आपली वेळ, उजव्या हातावर मॉस्कोची. नवा माणूस आला की तिला बघून हसायचा. मीही हसलो होतो. मी तेव्हा नुकताच क्रेनवर लागलो होतो आणि मला वाटलं, या बाईला कुणी घड्याळवाला दीर वगैरे असेल.

"हसून झालं का, बर्ती?" ती म्हणाली. "मग वर चढ. चोपहून बत्तीस वॅगन निघाल्यात, दहाच्या."

"दहाच्या? आत्ता तर आठ वाजलेत बाई."

"तुझ्याकडे आठ. माल त्यांचा, वेळ त्यांची."

हे इथलं रोजचंच. सरहद्दीवरच्या तिसा नदीच्या पलीकडे चोप. तिथपर्यंत सोव्हिएट रेल्वेचे रुंद रूळ यायचे, आपले अरुंद. त्यांची गाडी पुढे आपल्या रुळांवर चालायची नाही, म्हणून लोखंडाची माती असो नाहीतर लाकडं असोत, सगळं झाहोन्यला एका वॅगनमधून उचलून दुसरीत टाकायचं. आणि त्यांची रेल्वे पार आमच्या उंबऱ्यापर्यंत मॉस्कोच्या घड्याळावर चालायची. दीड किलोमीटरचा पूल, पण ओलांडला की दोन तास पुढे.

एतेल्काचं काम बिल्ट्यांचं, म्हणजे मालाच्या पावत्यांचं. रोज आपल्या आठला, म्हणजे त्यांच्या दहाला, रेल्वे खात्याचा फोन वाजायचा. पलीकडून एक बाई वॅगनचे आकडे वाचायची, ही रशियन भाषेत ऐकून लिहून घ्यायची. शाळेत आम्ही सगळ्यांनीच रशियन शिकायचा कंटाळा केला, मला ऐकून कामापुरतं कळायचं एवढंच, ही मात्र नीट शिकली होती. खात्याच्या फोनवर नाव सांगायचं नाही, नंबर सांगायचा, असा नियम होता. एतेल्का चौदा नंबर. पलीकडची सात नंबर.

एकदा गंमत झाली. शिवणयंत्रांची एक वॅगन हरवली. ते म्हणायचे बावीस पाठवल्या, आम्ही म्हणायचो एकवीस आल्या. तीन दिवस आमचे स्टेशनमास्तर जेवले नाहीत. शेवटी एतेल्का आणि ती सात नंबर, दोघींनी फोनवर बसून एकेक वॅगन कुठल्या रुळावर कधी गेली ते पहिल्यापासून वाचत आणलं, आणि एतेल्का फोन खाली ठेवून सरळ स्टेशनमास्तरांच्या घरामागे गेली. तिथल्या बंद रुळावर वॅगन उभी! मास्तरांच्या बायकोनं तिच्या कडीला धुण्याची दोरी बांधून वर मास्तरांच्याच विजारी वाळत घातल्या होत्या. आठवडाभर मालधक्का हसत होता. वॅगन सापडल्याचं पत्र गेलं ते अर्थात मास्तरांच्या सहीनं. खाली चौदा नंबरचा शिक्का.

त्या दिवशी सात नंबरनं विचारलं, "तुझं नाव काय गं?"

"एतेल्का. आणि तुझं?"

"क्लावदिया."

बस, एवढंच. पुढे सव्वीस वर्षं दोघी रोज बोलल्या, पण भेटल्या कधी नाहीत. पुलावर पहारा असे, परवाने लागत, आणि दोन कारकून बायकांना कोण परवाना देतो? नंतर परवाने मिळायला लागले, तेव्हा कामातून सवड होईना.

मग एकोणीसशे नव्वद उजाडलं आणि सगळं उलटंपालटं झालं. मालधक्क्यावरची अर्धी माणसं कमी केली. जुनी दप्तरं ट्रकमध्ये भरून रद्दीत पाठवली, ती मीच क्रेननं भरली, तेव्हा कुणाला वाटलं होतं त्यात काही आहे म्हणून. आम्ही सहा जणांनी मिळून माल पाठवायची छोटी कंपनी काढली. स्टेशनसमोर एक खोली घेतली. कंपनी कसली, एतेल्काचं डोकं आणि आमचे हातपाय. तिनं खात्याकडे अर्ज करकरून चोपचा तो फोन तेवढा आमच्या खोलीत आणवला होता. आता त्यावरून नंबर सांगायची गरज नव्हती. तरी रोज आठला तिकडून आवाज यायचा, "चौदा नंबर?" आणि ही हसून म्हणायची, "ऐकतेय."

लाकडाचं एक मोठं काम यायचं होतं. कार्पेथियन डोंगरातलं लाकूड, घेणारे ऑस्ट्रियन. त्यांचा माणूस आला, आमची खोली पाहिली, एतेल्काशी तासभर बोलला आणि खूश होऊन म्हणाला, "बाई, माझ्या मनाप्रमाणे झालं तर आजच देतो. पण आमच्या मालकांचा नियम आहे. मालवाहतूकदार संघाचा सभासद असेल त्यालाच काम. महिनाअखेरपर्यंत सभासद व्हा."

संघाची पूर्व विभागाची कचेरी न्यीरेजहाझाला. तिथून छापील कागद आला. कंपनीतल्या एका माणसानं तरी या धंद्यात पंधरा वर्षं स्वतः काम केल्याचा पुरावा द्यावा. एतेल्कानं कागद दोनदा वाचला आणि कपाट उघडलं. कपाटात काय असणार? सव्वीस वर्षांच्या एकाही बिल्टीवर तिचं नाव नव्हतं. सही मास्तरांची, शिक्का चौदाचा, आणि चौदा म्हणजे कोण हे ज्या दप्तरात लिहिलेलं होतं ते रद्दीत गेलेलं.

"आम्ही सांगू की!" मी म्हणालो. "पाच जण उभे राहू तुझ्यासाठी."

"तुम्ही कंपनीतलेच. तुमची साक्ष चालत नाही, इथे लिहिलंय बघ. माल पलीकडून देणारा नाहीतर घेणारा माणूस साक्षीला चालतो."

तिनं फोनकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"क्लावदिया," मी म्हणालो.

"क्लावदिया," ती म्हणाली, आणि पोरीसारखी लाजली.

संघाची सभा गुरुवारी अकराला होती. एतेल्कानं क्लावदियाला फोनवर सगळं सांगितलं. मी शेजारीच बसून सफरचंद सोलत होतो, ऐकत होतो. क्लावदिया म्हणाली, रोजच्या याद्या मी माझ्यासाठी वेगळ्या वहीत उतरवत आलेय, सगळ्या वह्या घरी आहेत, त्या घेऊनच येते. एका दिवसाचा पास मिळतो.

"मग दहाला पुलापाशी," एतेल्का म्हणाली. "आमच्या बाजूला."

"दहाला," तिकडून आवाज आला.

फोन ठेवल्यावर एतेल्का कितीतरी वेळ त्यावर हात ठेवून बसली होती.

गुरुवारी तिनं निळा कोट घातला, केस बांधून घेतले, खसखस भरलेली गोड गुंडाळी भाजून डब्यात भरली. माझी गाडी जुनी, ती मी आदल्या दिवशी धुतली. आठला पाच मिनिटं कमी असताना आम्ही पुलापाशी उभे. दहा म्हणजे आठ, त्यात विचारायचं काय होतं? सव्वीस वर्षं दहा म्हणजे आठच होते.

आठ वाजले. साडेआठ वाजले. पुलावरून माणसं येत होती, पिशव्या, गाद्या, बदकं, काय काय घेऊन. एतेल्का प्रत्येक बाईकडे बघायची. एक उंच, सडपातळ, चष्मा लावलेली आली की ही दोन पावलं पुढे व्हायची.

"कशी दिसते ती?" मी विचारलं.

"मला काय माहीत? बारीक असणार. आवाज बारीक आहे."

नऊ वाजले. मी पहारेकऱ्यांच्या खोलीतून चोपच्या कचेरीत फोन लावून घेतला. कुणी म्हणालं, क्लावदिया आज रजेवर आहे, सकाळीच पुलाकडे गेली.

"निघालीये म्हणतात," मी येऊन सांगितलं.

"मग रांगेत असेल. थांबू."

सव्वानऊ. साडेनऊ. न्यीरेजहाझाला पोहोचायला माझ्या गाडीनं सव्वा तास लागायचा, वाटेत गाई आडव्या आल्या तर जास्तच. एतेल्काचा चेहरा मी बघत होतो. पाच जणांची पोटं आणि तिचं स्वतःचं नाव, सगळं त्या अकराच्या सभेत. आणि पुलावर जी येत होती ती सव्वीस वर्षांत एकदाच येत होती.

"बर्ती, काय करू?"

आता इतक्या वर्षांनी मी कितीही शहाणपणा सांगेन, पण तेव्हा मी म्हणालो, "निघू या. साक्षीदार वाटेत आहे म्हणून सांग, ते थांबतील."

न्यीरेजहाझाला संघाच्या कचेरीत ये, असा निरोप चहाच्या टपरीवर ठेवला आणि आम्ही निघालो. आमची गाडी वळली तेव्हा क्लावदिया पलीकडच्या टोकाला रांगेत उभी होती. हे नंतर कळलं.

सभेत आमची पाळी यायलाच एक वाजला. केरेकेश म्हणून अध्यक्ष होते, पांढऱ्या मिशांचे, बोलायला सभ्य. दुसरे एक चिटणीस, हातात पेन्सिल. एतेल्कानं सगळं सांगितलं, आकड्यांसकट. कुठल्या मालाला किती वॅगन, कुठला माल कुठल्या ऋतूत गोठतो, फोडायचा कसा. केरेकेश ऐकतच राहिले. चिटणीस मात्र म्हणाले, "हे सगळं ठीक, पण कागद?" अर्धा तास थांबले बिचारे. साक्षीदार येईना. शेवटी केरेकेश म्हणाले, "बाई, नाही म्हणत नाही आम्ही. आता पुढची सभा ऑक्टोबरात, तेव्हा घेऊ."

ऑक्टोबरमध्ये! आणि लाकूड महिनाअखेरीला.

परत पुलापाशी आलो तेव्हा पावणेचार वाजले होते. टपरीवाली आम्हाला बघून बाहेरच आली.

"कुठे होतात हो तुम्ही? बाई चार तास बसली होती इथे! बरोबर दहाला आली. तुमचा निरोप दिला, तरी उठेना. येतील म्हणाली. दोनला तिची बस होती, मग गेली रडत."

"कशी होती?" एतेल्कानं विचारलं.

"बुटकी, जाड. सोन्याचा दात. माझ्या तीन कॉफ्या प्यायली."

"जाड?" एतेल्का म्हणाली. "आवाज तर बारीक आहे तिचा." आणि खाली बसली, तिथेच पायरीवर.

टपरीवालीनं एक मोठी कापडी पिशवी आणून दिली. आत वह्या, सुतळीनं बांधलेल्या, आणि वर एक चिठ्ठी. एतेल्कानं ती मला भाषांतर करून वाचून दाखवली. "एतेल्का, आज वॅगनचं काम नव्हतं, तुझ्या दारी येत होते. म्हणून पहिल्यांदाच घड्याळ तुझ्या वेळेला लावलं. वह्या ठेवते. क्लावदिया."

एकीनं दुसरीची वेळ धरली, दुसरीनं पहिलीची. जगात आणखी कुणाकडून अशी चूक होईल असं मला वाटत नाही. एतेल्कानं उजव्या हातावरचं घड्याळ सोडलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. डब्यातली खसखशीची गुंडाळी टपरीवालीला दिली.

दुसऱ्या दिवशी आठला फोन आला. दोघी एकाच वेळी रडत होत्या आणि एकाच वेळी हसत होत्या, मला काही कळेना. फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "रविवारी सोडतो तुला पुलापलीकडे. दीड किलोमीटर तर आहे."

"नको."

"का गं?"

"ती पिशवीभर वह्या उचलून घेऊन आली आणि मी निघून गेले होते. आता हरलेल्या तोंडानं तिच्या दारात उभी राहू? ऑक्टोबर होऊ दे. सभासद होते, मग कागद घेऊनच जाते तिच्याकडे."

मी खूप समजावलं. पण ही बाई वॅगन मोजताना ऐकायची नाही, तशी इथेही ऐकली नाही.

लाकूड बुडापेश्तच्या एका कंपनीला गेलं. ते आमच्याच मालधक्क्यावर उतरायचं, आणि आम्ही खिडकीतून बघायचो. जुलैत आमच्यातला एक टॅक्सी चालवायला गेला. ऑगस्टमध्ये दोघे जर्मनीला, बांधकामावर. चौथा सासऱ्याच्या सफरचंदाच्या बागेत. जाताना प्रत्येक जण एतेल्काला म्हणाला, तुझा काही दोष नाही हं. आणि प्रत्येकाच्या वेळी ती थोडी थोडी वाकत गेली.

सप्टेंबरात बऱ्याच दिवसांनी एका सकाळी फोन वाजला आणि तिकडून पुरुषाचा आवाज आला. तरुण, घाईत असलेला. एतेल्कानं विचारलं, सात नंबर कुठे आहे? तो म्हणाला, कोण सात नंबर? मग कुणाला तरी विचारून म्हणाला, ती निवृत्त झाली, घर विकून लेकीकडे गेली, ओम्स्कला. पत्ता? पत्ता नाही. जायच्या आधी दोन दिवस ती इथून फोन लावत होती म्हणतात, पण तुमच्याकडून कुणी उचलला नाही.

ते दोन दिवस आम्ही खोलीला कुलूप लावून कपाटं विकायला गेलो होतो.

एतेल्का म्हणाली, "बरं. यादी सांगा." तो म्हणाला, यादी आता फॅक्सनं जाते बाई, तुमच्याकडे नाही. आणि त्यानं फोन ठेवला. महिन्याच्या शेवटी खात्याची माणसं येऊन तो फोनही काढून घेऊन गेली.

ऑक्टोबरात मला वाटलं ती जाणारच नाही. कंपनीत आता आम्ही दोघंच. पण तिनं तोच निळा कोट घातला, वह्यांची पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसली. "कामासाठी नाही रे आता," म्हणाली. "पण एकदा कुठल्या तरी कागदावर माझं नाव लागू दे."

केरेकेशांना थोडं रशियन येत होतं. त्यांनी एक वही उघडली, मग दुसरी. तारीख, वॅगनचे नंबर, माल, आणि प्रत्येक पानावर खाली, नियम मोडून, बारीक अक्षरात: चौदा नंबर, एतेल्का. सव्वीस वर्षांची प्रत्येक पाळी. केरेकेशांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, याहून चांगला पुरावा या टेबलावर आजवर आला नसेल. तुम्ही आजपासून सभासद, माझ्या मते." चिटणीसांनीही मान हलवली. मी मागे टोपी हातात धरून उभा होतो, मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

चिटणीस म्हणाले, "इथे सही करा. आणि वह्या इकडे द्या, दप्तरी लावायच्या आहेत."

"किती दिवस?"

"दिवस कसले? सभासदाचा पुरावा संघाच्याच दप्तरात राहतो. आमच्याकडे कपाटं आहेत, काळजी नको."

"झेरॉक्स काढून घ्या ना."

"झेरॉक्स पुरावा होत नाही बाई. मूळच लागतं."

केरेकेश मध्ये पडले. म्हणाले, मीही काही करू शकत नाही, नियम सगळ्यांना एकच, पण कधी बघावंसं वाटलं तर येऊन बघत जा. एतेल्कानं सहीसाठी पेन उचललं होतं. ते तिनं खाली ठेवलं. एकेक वही गोळा केली, टेबलावर ठोकून कडा सारख्या केल्या, जशी ती बिल्ट्यांच्या करायची, आणि पिशवीत भरली.

"अगं, देऊन टाक ना!" मी मागून म्हणालो. मला राहवेना. "वह्याच तर आहेत!"

"माफ करा," ती केरेकेशांना म्हणाली. "तुम्हाला उगाच त्रास दिला." आणि बाहेर आली.

गाडीत रागच आला होता मला, खोटं कशाला सांगू. चार माणसं कंपनी सोडून गेली, वर्ष गेलं, आणि सही करायच्या वेळी ही बाई रद्दीसाठी अडली. किश्वार्दाच्या पुढे रस्त्याच्या कडेला सफरचंदाचे ढीग लागले होते, एरवी मी थांबून भाव करतो, आज थांबलो नाही.

"बर्ती, तुला रशियन वाचता येत नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही येत. पंतोजींनी कान पिळले तरी नाही आलं."

तिनं एक वही काढली. म्हणाली, "केरेकेशांनी फक्त आकडे बघितले. आकड्यांच्या बाजूला तिनं काय लिहिलंय ते बघितलं नाही." आणि वाचायला लागली. "नऊ मार्च चौऱ्याहत्तर. चौतीस वॅगन, लोखंडाची माती. चौदा नंबर, एतेल्का. घसा बसलाय तिचा. औषध घे म्हणायला हवं होतं." पान उलटलं. "वीस मे. अठ्ठावीस वॅगन, कोळसा. एतेल्का आज गुणगुणत होती, फोन जोडला गेलाय हे तिला कळलं नाही."

मी गाडी हळू केली.

मग तिनं बरीच पानं उलटली. "अठ्ठ्याहत्तर, तीन नोव्हेंबर. चौदा नंबरवर दुसरीच बाई. चार नोव्हेंबर, तीच बाई. पाच नोव्हेंबर, तीच." तो नोव्हेंबर मला ठाऊक होता. तिचा नवरा, मिहाय, मालगाडीचे ब्रेक सांभाळायचा, तो तेव्हा गेला. "बारा नोव्हेंबर. चाळीस वॅगन, कोळसा. एतेल्का आली. नवरा गेला म्हणाली. यादी घेताना एकदाही चुकली नाही. मी यादी आज सावकाश वाचली."

मी गाडी बाजूला घेऊन उभी केली. त्या दिवशी यादी वीस मिनिटं उशिरा आली होती. खाली माणसं खोळंबली होती आणि मी क्रेनवरून एतेल्कावर ओरडलो होतो, झोपलीस काय म्हणून. ते तिला सांगितलं.

"आठवतंय मला," ती म्हणाली. "पुढचं वाचू?"

"वाच," मी म्हणालो.